वहीतला भिवा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या रानफुलांच्या वहीत ३०० वं नाव लागलं. मला आपलं उगाचच वाटत होतं की ३०० वं फूल काहीतरी खास असेल. कड्यावर लटकलेलं, दुर्मिळ, वर्षानुवर्षं हुलकावणी देणारं वगैरे वगैरे. प्रत्यक्षात लागलं ते कुसळी गवत! हो हो, तेच. मावळात भटकून आलेल्या प्रत्येकाच्या पायमोज्यात घुसून थेट घरापर्यंत येणारं, आणि मग रात्री दिव्याखाली बसून एकेक कुसळ उपटायला लावणारं.

झालं असं, की भाद्रपद सरताना मी वेल्ह्याकडे मामाच्या घरी गेले होते. मामा आता नाही, पण घराला अजून ‘मामाचं घर’च म्हणतो आम्ही. मामेभावाचा मुलगा सहावीत आहे. ओट्यावर बसून तो माझी वही चाळत होता. बराच वेळ पानं उलटून झाल्यावर म्हणाला,

“आत्या, यात गवत का नाही?”

“अरे, ही फुलांची वही आहे.”

“मग गवताला फूल नसतं? बी कुठनं येतं मग?”

झालं! सहावीतल्या पोरानं आत्याची विकेट काढली. गवताला फूल असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गवताकडे फूल म्हणून बघायचं कधी सुचलंच नव्हतं. भिंग घेऊन दोघं बांधावर गेलो. कुसळीची लोंबी नुकतीच उमलली होती. भिंगातून पाहिलं तर बारीक पिवळे परागकोश बाहेर लोंबत होते आणि त्यांच्या शेजारी पिसासारखे इवलेसे तुरे. पस्तीसहून जास्त वर्षं जे पायमोज्यातून घरी वाहून आणलं, त्याचं नाव वहीत नव्हतं. घरी येऊन निमूटपणे लिहिलं : ३००. कुसळी. मामाचा बांध. तारीख.

आणि मग रात्री झोप लागेना. कारण त्या पोराच्या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा होता. ही यादी नक्की कुणाची? तो प्रश्न सुटावा म्हणून हे सगळं लिहायला बसले आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी वहीबद्दल. वही दोनशे पानी, साधी. पहिली नोंद १९८८ सालच्या सप्टेंबरची : सोनकी, राजगड, सुवेळा माची. कॉलेजात होते तेव्हा. गुंजवण्यातून चोर दरवाज्यानं वर गेलो होतो. धुकं असं की पुढच्याची पाठ दिसेना. ते एकदम फाटलं आणि सगळी माची पिवळीधमक! मी एका मैत्रिणीला विचारलं, “हे काय गं?” तिनं सांगितलं आणि मी बसच्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. ते तिकीट अजून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेलं आहे.

पक्षी बघणाऱ्या मंडळींत याला ‘लाइफ लिस्ट’ म्हणतात. आयुष्यात जे जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची एक यादी. प्रत्येक जातीची नोंद एकदाच, पहिल्यांदा दिसेल तेव्हा. माझे नियम चारच. फूल रानातलं हवं, कुणी लावलेलं नको. मी स्वतः पाहिलेलं हवं. ठिकाण आणि तारीख नसेल तर नोंद नाही. आणि फूल इथलं हवं, बाहेरून आलेलं नको.

या चौथ्या नियमावरून घरात फार वाद होतात. रस्त्याच्या कडेला पिवळाकेशरी कॉसमॉस फुलतो त्याचे फोटो काढायला लोक गाड्या थांबवतात. माझी वहिनी म्हणते, एवढी सुंदर फुलं आणि तुझ्या वहीत त्यांना जागा नाही? काय करणार! कॉसमॉस मेक्सिकोकडचा. घाणेरीही अमेरिकेकडून आलेली. गाजरगवताची तर आपल्या पुण्याशीच गाठ. भारतात ते आलंय हे शास्त्रीय नियतकालिकातून पहिल्यांदा सांगितलं गेलं ते १९५६ साली, आणि ज्या झाडांवरून ते ओळखलं गेलं ती पुण्यातली होती. ओळखणारे होते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आर. एस. राव. त्या संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. आता गाजरगवत नाही असा बांध दाखवा! म्हणजे यादी नुसतं काय आहे ते सांगत नाही, कधी नव्हतं तेही सांगते. राव यांनी ती नोंद केली नसती तर गाजरगवत पांडवकाळापासून इथेच आहे असंही कुणी सांगितलं असतं, आणि आपण मान डोलावली असती.

तर आपल्याकडच्या फुलांच्या याद्या करायचं हे वेड कुणाकुणाला होतं?

माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे जॉन ग्रॅहम. हा कुणी वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यात होता, डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. पत्रांच्या थैल्या सांभाळता सांभाळता त्यानं मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी करायला घेतली. १८३९ साली ती पुस्तकरूपानं छापली जात होती आणि त्याच वर्षी मे महिन्यात खंडाळ्याला तो वारला. वय चौतिसाच्या आसपास. पुस्तकाचं उरलेलं काम जोसेफ निमो या त्याच्या मित्रानं पूर्ण केलं. सोनकीचं जुन्या पुस्तकांतलं शास्त्रीय नाव आहे ‘सेनेशिओ ग्रॅहमी’. आता ते बदलून ‘सेनेशिओ बॉम्बेएन्सिस’ झालंय. पण माझ्या पहिल्या नोंदीपुढे मी जुनंच नाव ठेवलंय, खोडलेलं नाही. माझी यादी आहे, चालतं!

त्याच सुमाराला पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथे अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर अधीक्षक होता. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगरावरची झाडी गेली की खालचे झरे आटतात, हे तो तेव्हा सरकारच्या कानीकपाळी ओरडत होता. त्याच्यानंतर निकोल डॅल्झेल आला. दोघांच्या नावावर ‘द बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक १८६१ साली निघालं. डॅल्झेलनं पुढे १८६५ साली जुन्नरच्या बाजूच्या डोंगरातल्या एका मांसल खोडाच्या छोट्या वनस्पतीचं वर्णन केलं आणि तिला तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव दिलं, फ्रेरिया. आपली शिंदळ माकुडी ती! गुराख्यांनी तिला आधीच नाव दिलेलं असणार, पण छापलं गेलं ते गव्हर्नरसाहेबांचं. ही शिंदळ माकुडी पुरंदरच्या कड्यांवरही आहे. माझ्या वहीत अजून नाही. दुर्बिणीतून पाहिलेलं मी धरत नाही, आणि कड्यावर उतरायची आता हिंमत नाही.

१८९४ मध्ये ए. के. नेअर्न या मुलकी खात्यातल्या माणसानं पश्चिम भारतातल्या फुलझाडांवर पुस्तक लिहिलं. आणि मग आला थिओडोर कुक. हा मूळचा इंजिनिअर. पुण्याच्या सायन्स कॉलेजचा, म्हणजे आजच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, प्राचार्य होता. निवृत्त होऊन विलायतेला गेल्यावर त्यानं लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ लिहिलं. ते १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं छापून आलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडच्या झाडाफुलांचं काम करणाऱ्याला कुकचं पान उलटावंच लागतं. १९५८ मध्ये ते भारतात तीन खंडांत पुन्हा छापलं गेलं.

मी ते खंड पहिल्यांदा पाहिले १९९० च्या आसपास, पुण्यातल्या एका ग्रंथालयात. निम्मं इंग्रजी, निम्मं लॅटिन, चित्रं नाहीत. डोकं गरगरलं. पण प्रत्येक वर्णनाच्या शेवटी एक बारीक टाइपातला परिच्छेद असायचा. ही वनस्पती कुठे कुठे आणि कुणाला मिळाली त्याचा. कोकण : अमुक ठिकाण, अमुक माणूस. दख्खन : अमुक ठिकाण, अमुक माणूस. आणि माणसाच्या नावापुढे उद्गारचिन्ह! मला वाटलं छपाईची चूक असेल. पण पानोपानी तेच. स्टॉक्स! लॉ! वुडरो! कानिटकर! भिडे! रानडे! जणू शाळेत हजेरी चाललीय आणि मास्तर चकित होऊन नावं घेतायत.

नंतर कळलं की ही वनस्पतीशास्त्रातली रीत आहे. नावापुढचं उद्गारचिन्ह म्हणजे ‘या माणसानं गोळा केलेला वाळवलेला नमुना मी स्वतः पाहिला आहे’. ऐकीव नाही. खातरजमा केलेलं.

तर त्या हजेरीत एक नाव सारखं यायचं, “भिवा!”

नुसतं भिवा. कानिटकर आहेत, भिडे आहेत, रानडे आहेत, ही सगळी आडनावं. साहेबांचीही आडनावं. भिवाला आडनाव नाही, हुद्दा नाही. पण उद्गारचिन्ह आहे! पुस्तक लिहिणारा क्यूमध्ये बसला होता, आणि इथले डोंगर चढून, फूल तोडून, कागदात दाबून, नीट वाळवून ज्यांनी ते त्याच्यापुढे ठेवलं त्यांतला एक हा भिवा होता. भिडे यांच्या नावानं पुढे गवताच्या एका प्रजातीला ‘भिडेया’ असं नाव मिळालं. रानड्यांच्या नावानं ‘अब्युटिलॉन रानडेई’ आहे, आंबा घाटात मिळालेली आपली सोनघंटा. भिवाच्या वाट्याला आलं ते उद्गारचिन्ह. तेवढं मात्र पुस्तकभर सांडलेलं आहे.

दापोडीच्या बागेचीही अशीच एक गोष्ट. गिब्सननं १८४७ ते १८५० च्या दरम्यान तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली. फार सुंदर चित्रं आहेत म्हणे सगळी. आज ती एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत, आणि हेन्री नॉल्टी यांनी त्यांवर २००२ साली पुस्तक केलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच त्याची ओळख उरली आहे. नाव नाही. भिवापेक्षाही कमी. त्याला तर उद्गारचिन्हही नाही.

आता मामाकडे येते.

नातेवाईकांपैकी जे हे वाचतायत त्यांना मामा माहीतच आहे. इतरांसाठी सांगते. चेलाडी फाट्यावरून वळून मार्गासनीच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याकडच्या अंगाला आमचं आजोळ. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण मामाच्या तोंडी आमचा मुलूख शेवटपर्यंत ‘गुंजण मावळ’च होता, आणि मामीचं माहेर भोर तालुक्यातलं म्हणून ती ‘हिरडस मावळातली’. मामाचं शिक्षण चौथी. पुढे गुरं, भातखाचरं आणि हिरड्याच्या दिवसांत हिरडा. मी वही घेऊन त्याच्यामागे हिंडायला लागले तेव्हा आधी त्याला वाटलं पोरीला औषधी मुळ्या विकायच्यायत! मग एकदा त्याला पटलं की मला नुसतं बघायचंय. त्यावर तो एवढंच म्हणाला, “बघ बाई. बगायला पैसं पडत न्हाईत.”

कवला त्यानं दाखवला, ज्याला आता सगळे ‘मिकी माऊस’ म्हणतात. सीतेची आसवं त्यानं दाखवली, कातळावरच्या ओलाव्यात निळीजांभळी. ही वनस्पती मुळांपाशी बारीक फुग्यांत किडे पकडते हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता. ‘सीतामाई आन् किडं खाती?’ पानतेरडा, आभाळी, गेंद, कळलावी. रानहळद कुठल्या उतारावर आधी येते ते त्याला पाठ होतं. फोडशीचं मी मोठ्या भक्तिभावानं निरीक्षण करत असताना मामीनं ती खुडून भाजीत टाकली. वहीत १९ व्या नोंदीपुढे तेलाचा डाग आहे, तो त्याच दिवसाचा. रायरेश्वराला मामीच्या माहेरची मंडळी घेऊन गेली होती. कोर्ल्याकडून, लोखंडी शिडीनं. त्या एका पठारावर मला दोन दिवसांत अकरा नवी नावं मिळाली. प्रत्येक वेळी कुणीतरी बोट दाखवलं होतं.

आणि मग नोंद क्रमांक ४७.

१९९४ चा ऑगस्ट. वरच्या धनगरवाड्याकडे जाताना गवतात मामा थांबला आणि काठीनं गवत बाजूला करून म्हणाला, “ही बघ.” वीतभर वेल, आणि तिच्यावर उभा एक छोटासा कंदील. खाली फुगीर, मधे निमुळती नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेली छत्री. कंदीलपुष्प! सेरोपेजिया! मी पुस्तकात वाचलं होतं की बारीक माश्या या नळीतून आत उतरतात आणि आतल्या, खाली वळलेल्या केसांमुळे त्यांना परत वर येता येत नाही. एकदोन दिवसांनी केस सुकतात, तेव्हा कुठे त्यांची सुटका होते. अंगाला पराग चिकटवून त्या पुढच्या कंदिलात जातात आणि पुन्हा अडकतात. माश्या पण ना, अनुभवातून शिकत नाहीत.

मामाला ते कौतुक नव्हतं. “खरपुडीय ती. गुरांमागं असताना उकरून खायचो आम्ही. गोडसर लागती.”

सह्याद्रीत सेरोपेजियाच्या कितीतरी जाती आहेत, आणि त्यांतल्या अनेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. ही नेमकी कोणती ते मला ओळखता येईना. कॅमेऱ्यात रोल संपलेला. पुस्तक पुण्यात. आणि मनात एक हाव, की आपल्या वहीत हिचं पूर्ण नाव हवं. मी मामाच्या विळ्यानं कंद उकरला. मामा नको म्हणाला नाही. लहानपणी त्यानं स्वतःच कितीतरी उकरले होते, तो कुठल्या तोंडानं नको म्हणणार? पिशवीत ओल्या मातीत घालून कंद पुण्याला आणला, बाल्कनीत कुंडीत लावला. फूल रस्त्यातच गळालं होतं. पानं आठ दिवसांत पिवळी पडली. पुढच्या पावसात काही उगवलं नाही. उकरून पाहिलं तर कंद कुजून गेला होता.

वहीत आजही लिहिलंय : ४७. सेरोपेजिया ? 

पुढच्या वेळी मामाला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, “खाल्ली आसतीस तर बरं झालं आसतं. पोटात तरी ग्येली आसती.”

हे वाक्य मी तीस वर्षं विसरलेले नाही. रागावला असता तर विसरले असते. तो खाण्यासाठी उकरत होता, मी यादीसाठी. त्याची भूक कंद खाऊन भागायची, माझी नावानंही भागली नाही.

आता कुणी म्हणेल, त्या साहेब लोकांनी, भिवानं, सगळ्यांनीच फुलं तोडली ना? तोडली. नमुना वाळवून ठेवल्याशिवाय तेव्हा गत्यंतर नव्हतं, आणि आजही शास्त्राच्या कामाला तो लागतो. फादर सांतापाव घ्या. स्पेनमधून आलेले जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवायचे, पुढे वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी आपल्या शेजारच्या पुरंदरवर १९४४ पासून १९५६ पर्यंत मिळालेल्या सगळ्या फुलझाडांची यादी केली आणि १९५८ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. एक किल्ला आणि बारा वर्षं! भोरला जाताना कापूरहोळपाशी वळले की डाव्या अंगाला मागे पुरंदर असतो, आणि मला दरवेळी ते वर चढणारे पाद्रीबाबा आठवतात. त्यांनी फांदी घेतली, पण तिच्यावर ठिकाण-तारखेची चिठ्ठी लावून ती सगळ्यांसाठी ठेवून दिली. मी कंद घेतला तो माझ्या वहीसाठी. फरक आहे तो इथे.

आणि न तोडण्याची परंपराही आपल्याकडे होतीच की. मामाच्या गावच्या देवराईत वाळकी काटकी उचलायलाही लोक कचरतात. १९७० च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या देवरायांचा अभ्यास केला. वर्तक पुण्याच्या आघारकर संस्थेतले. तेव्हा तिचं नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी होतं. सगळीकडची झाडी तुटली तरी देवाच्या भीतीनं राखलेल्या या तुकड्यांत जुन्या रानाचा नमुना शिल्लक आहे, हे त्यांनी जगाला सांगितलं. मला कधी कधी वाटतं, देवराई हीसुद्धा एक यादीच आहे. फक्त ती वहीत लिहिलेली नाही, जागेवर ठेवलेली आहे.

मग आपल्यासारख्या हौशी माणसाच्या यादीचा उपयोग काय? एक उदाहरण सांगते. अमेरिकेत थोरो नावाचा लेखक होऊन गेला. तोच तो, तळ्याकाठच्या झोपडीत भगवद्गीता वाचणारा. तो १८५० च्या दशकात आपल्या कॉन्कॉर्ड गावात दरवर्षी कुठलं फूल कोणत्या तारखेला पहिल्यांदा उमललं ते लिहून ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रिमॅक या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीच फुलं त्याच गावात पुन्हा पाहिली, तर ती सरासरी आठवडाभर आधी फुलत होती. हवा तापत चालली आहे याचा पुरावा एका रिकामटेकड्या (गावकऱ्यांच्या मते!) माणसाच्या टिपणात सापडला.

माझी वही काही थोरोची नाही. पण ४७ क्रमांकाची जागा तिच्यात लिहिलेली आहे. वरच्या धनगरवाड्याची वाट, ओढ्याच्या डाव्या बाजूचा उतार. गेल्या पावसाळ्यात मुद्दाम गेले होते. तो उतार जेसीबीनं सपाट करून प्लॉट पाडलेत. तारेचं कुंपण, फाटक, आत लॉन आणि बोगनवेल. बाहेरच्या बाजूला कॉसमॉस फुलला होता. कुणाला दोष देऊ? गावात पोरांना काम नाही, जमीन विकून कुणाच्या मुलीचं लग्न झालंय, कुणाचं ऑपरेशन. आणि तिथला एक कंद तर मीच नेला होता. पण ‘इथे खरपुडी होती’ हे सांगणारा मामा आता नाही. राहिली ती माझ्या वहीतली एक ओळ, आणि तीही प्रश्नचिन्हासकट.

तर त्या रात्री, कुसळीची नोंद केल्यावर, मी उठून बसले आणि पट्टीनं वहीत चौथा रकाना आखला. नाव, ठिकाण, तारीख, आणि ‘कुणी दाखवलं’.

भरायला दोन रात्री लागल्या. आठवून आठवून लिहिलं. २००१ साली श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आलं तेव्हा रंगीत फोटो पाहून कितीतरी नावं धडाधड लागली होती. तिथे त्यांचं नाव लिहिलं. रायरेश्वरावरच्या जंगमांच्या घरातली एक आजी. वरंध घाटात टपरीवर चहा देणारा पोरगा, ज्यानं “म्याडम, ते बघा सापाचा फणा” म्हणून हाक मारली होती. पहिल्या सोनकीची ती मैत्रीण. मामी, सात वेळा, बहुतेक सगळ्या भाज्या! आणि मामा. ११८ वेळा मामा.

मी एकटीनं, कुणी न सांगता, न दाखवता शोधलेली फुलं किती निघाली सांगू? एकेचाळीस. आणि मी चारचौघांत सांगत होते, ‘माझी यादी’, ‘मी पाहिलेली ३०० फुलं’.

मामाच्या प्रत्येक नावापुढे मी कुकसाहेबासारखं उद्गारचिन्ह दिलं. वेल्हे, मामा! तोरणा, मामा! कुठल्याही ग्रंथालयात ते कुणी वाचणार नाही. पण आमच्या घरात वाचतील. ४७ व्या नोंदीपाशी जरा थांबले. मग तिथेही लिहिलं, मामा! त्यानं दाखवली होती हे तर खरंच ना. प्रश्नचिन्ह आहे तिथेच ठेवलं, ते माझं आहे.

सकाळी ३०० व्या नोंदीचा चौथा रकाना रिकामा होता. भाच्याला बोलावलं, म्हटलं, इथे तुझं नाव लिही आणि पुढे एक उद्गारचिन्ह दे. त्यानं जीभ बाहेर काढून, सावकाश, ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. स्वतःचं, वडलांचं, आडनाव. आणि पुढे एक नाही, तीन उद्गारचिन्हं ठोकून दिली.

मी खोडलं नाही. एक त्याचं, एक मामाचं, आणि एक आपलं भिवाचं म्हणू या.

असो. बरंच लिहून झालं. तुमच्याकडे फुलांची, पक्ष्यांची, गडांची, कशाचीही अशी वही असेल तर एकदा चौथा रकाना आखून बघा. आकडा कमी होत नाही, खात्रीनं सांगते.